पेलणारा गिअरबॉक्स

धाकट्या मुलाने हौसेने गाडीच्या इंजिनाची ताकद दुप्पट करून घेतली होती. मूळचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तिच्यापुढे टिकला नाही. नवा निवडण्यासाठी तो वडिलांना घेऊन गॅरेजमध्ये आला. मिस्त्रींनी दोन गिअरबॉक्स बाकावर शेजारी शेजारी मांडले.

"डावीकडचा ही ताकद वर्षानुवर्षं पेलेल. उजवीकडचा साधा आहे. गाडी जोरात दामटली, की हा जळणार आणि गाडी जागची हलणार नाही."

"मग प्रश्नच मिटला, डावीकडचा," धाकटा म्हणाला. "बाबा, निदान इथे तरी काटकसर नको!"

वडिलांनी दोन्ही गिअरबॉक्स बराच वेळ निरखले. "उजवीकडचा बसवा."

धाकटा तणतणत बाहेर निघून गेला. मिस्त्री आवाज खाली आणून म्हणाले, "काका, पोराचं बरोबर आहे. हा सारखा मोडेल."

"मोडू दे. मोडेल तितक्यांदा नवा आणू." वडिलांनी उजवीकडच्या गिअरबॉक्सवर हात ठेवला. "अपघातानंतर थोरल्याची गाडी तुम्हीच ओढून आणली होती ना? तिच्यात गिअरबॉक्स तेवढा शाबूत होता."