सहावा ग्रामोफोन

“घरात जागा कुठाय?” वृद्धाश्रमाला दान आलेल्या वस्तूंच्या दुकानातून दिगंबरपंतांनी पाचवा ग्रामोफोन आणला, तेव्हा कुमुदताई कडाडल्या होत्या. मग नवऱ्यावर पहारा ठेवायला त्या स्वतःच तिथे बिनपगारी बसू लागल्या.

आज कपबश्या बघायच्या निमित्ताने पंत दुकानात शिरले, तर टेबलाखाली चादरीतून पितळी कर्णा डोकावत होता.

“हात लावू नका! त्याची पावती फाडलीय.”

“कोणी घेतला?” पंतांचा चेहरा उतरला.

“मी,” चादर सारखी करत कुमुदताई पुटपुटल्या. “सकाळी चावी दिली, तर अख्खी तबकडी न अडखळता गायला मेला!”

पंतांनी हसू मिशीत दाबलं. “पण घरात जागा कुठाय?”

“होईल की! तुमचे दोन इथे विकायला आणा.”