मागची रांग

मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात एकाच माणसाच्या हातून झालेला तिसरा खून मार्लिसच्या मुलीचा, ब्रिटाचा होता. खुन्यांची मनं वाचणारा म्हणून नावाजलेला प्रूएट राजधानीहून आला आणि त्याने टीव्हीवर सांगून टाकलं, "खुनी अंत्यविधीला येईल. सगळ्यांत मागे बसेल आणि डोळ्यांतून टिपूस काढणार नाही."

"साहेब, आमच्या चर्चमध्ये सगळेच मागे बसतात," शेरीफ आर्ने म्हणाला. "आणि सख्खा बाप गेला तरी चारचौघांत कुणी रडत नाही."

"माझा अंदाज आजवर चुकलेला नाही."

"तेवढं पकडा त्याला," मार्लिस म्हणाली. "मला दुसरं काही नको."

अंत्यविधीला पुढच्या बाकांसाठी रेटारेटी झाली. ब्रिटाला ओळखतही नसलेले बाप्ये ओक्साबोक्शी रडत होते.

"सरक ना, एल्मर. मागे बसवून मला तुरुंगात धाडतोस का?"

"हळू बोल. आणि आधी रडायला लाग."

मार्लिसने धीर करून मागे वळून पाहिलं.

 

शेवटच्या रांगेत एकटा प्रूएट बसला होता, कोरड्या डोळ्यांनी खुन्याची वाट बघत.