मीटरवाली सायकल

“बसून बघ की,” अण्णासाहेब म्हणाले. “सायकल घ्यायची आणि बसून बघायचं नाही, असं कुठं असतं?”

चित्रा लाजली. पिंपरीच्या भर बाजारातलं खेळाच्या सामानाचं दुकान, दारातून येणारी-जाणारी माणसं, आणि घरात व्यायामाला ठेवायची ती जागेवरच फिरणारी सायकल. पण अण्णासाहेब कंपनीचे वेल्फेअर ऑफिसर होते. तिच्या वडिलांच्या गुडघ्यावर प्रेस मशीनचा डाय, म्हणजे जड लोखंडी साचा, पडल्याला सहा महिने झाले होते, आणि तेव्हापासून घरी फिरकणारा साहेब हा एवढाच. त्यांना नाही कसं म्हणायचं? ती साडी सावरत चढली. पाय पुरेनात.

दुकानदाराने पाना आणून सीट पार खाली केली. मग पायडल फिरलं, पण बरंच जड.

शेजारी दुसरी होती, निळी. तिचं पायडल नुसत्या बोटाने फिरत होतं.

“बाबांना ही बरी,” चित्रा म्हणाली.

“निवड तुझी, बाळ. पण या हिरवीला मीटर आहे. आज एक किलोमीटर, उद्या दोन, असा आकडा दिसला की माणसाला हुरूप येतो. कंपनी देतेय, तर हात आखडता कशाला?”

चित्राने हिरवी निवडली. एवढी मोठी वस्तू आपण निवडली, याचंच तिला अप्रूप वाटत होतं.

“हीच बांधा,” अण्णासाहेब दुकानदाराला म्हणाले. “आणि सीटचा नट पक्का आवळा. वाटेत डगडगायला नको.”

आकुर्डीतल्या चित्राच्या दोन खोल्यांच्या घरात तेव्हा सगळ्यांचे डोळे महिनाअखेरीकडे लागले होते. मेडिकल बोर्ड बसणार होतं. बोर्डाने चित्राच्या बापाला, सदाशिवला, कायमचा निकामी ठरवलं, की युनियनच्या करारानुसार त्याच्या जागी घरातल्या एकाला नोकरी. घरातलं एक म्हणजे मॅट्रिक झालेली, टायपिंग शिकलेली चित्रा. बाप निकामी ठरावा म्हणून आईने आणि लेकीने देव पाण्यात घालून बसायचं, अशी ती वेळ. पण पोट कुणाला चुकलंय?

“बोर्डाचं बोर्ड बघेल,” अण्णासाहेब म्हणाले होते. “तोवर पायात रक्त तरी खेळतं राहू दे.”

सदाशिव चांगला उंचापुरा गडी. त्याने एकदाच प्रयत्न केला. गुडघा वळेना, डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं. तेव्हापासून सायकल कोपऱ्यात गेली आणि चित्राची आई कस्तुराबाई तिच्या हँडलवर टॉवेल वाळत घालू लागली.

शनिवारी अण्णासाहेब आले. त्यांनी टॉवेल बाजूला करून मीटर पाहिला. सगळी शून्यं.

“वरच्या साहेबांशी भांडून मंजूर करून घेतली होती,” ते हळूच म्हणाले. “असो.”

आणि उठले. कपातला चहा तसाच राहिला.

“च्या न घेता गेला मानूस,” कस्तुराबाई हळहळली. “एवढं केलं त्येंनी. त्येंचा मान राखाया नगं?”

“माजा पाय वळत न्हाई, त्येला मी काय करू?” सदाशिव चिडला.

“मी मारते पायडल,” चित्रा म्हणाली. “मीटरला काय कळतंय पाय कुणाचा ते?”

सदाशिवला ते पटलं नाही. पण लेकीची नोकरी ज्याच्या शब्दावर, त्याचं मन कसं मोडायचं?

रोज दुपारी टायपिंगच्या क्लासहून आली की चित्रा सायकलवर चढायची. पोटऱ्या भरून यायच्या. पुढच्या शनिवारी मीटरवर एकेचाळीस किलोमीटर पडले होते.

अण्णासाहेबांनी टाळीच वाजवली. त्या दिवशी त्यांनी मागून दुसरा कप चहा घेतला. मग खिशातून एक कार्ड काढून त्यावर आकडा लिहिला.

“इथं सही करा, सदाशिवराव. वरच्यांना दाखवतो. म्हणजे आणखी चार जखमी कामगारांना सायकली मिळतील.”

चार गरिबांचं भलं होत असेल तर सहीला काय जातं? सदाशिवने केली.

“टायपिंगचा वेग किती गं?” जाता जाता त्यांनी चित्राला विचारलं.

“चाळीस.”

“पंचेचाळीस करून ठेव. उपयोगी पडेल.”

त्या आठवड्यापासून चित्रा दुप्पट सायकल मारू लागली. आनंदाने मारली पोरीने. तिसऱ्या सहीच्या वेळी आकडा दोनशे बारावर गेला होता.

बोर्डापुढे डॉक्टरांनी गुडघा चाचपला. “घरी सायकलचा व्यायाम करता?” त्यांनी विचारलं. अण्णासाहेब शेजारीच उभे होते. सदाशिवने त्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर चार लोकांत साहेब खोटे पडणार.

“व्हय,” तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दारात टेम्पो उभा राहिला. अण्णासाहेब आत आले आणि त्यांनी चित्राच्या हातात पाकीट दिलं. पत्र इंग्रजीत होतं. टायपिंग अगदी सुबक, एकही खाडाखोड नाही. चित्राने आईबापांसाठी मराठीत सांगायला सुरुवात केली. कामगाराने महिनाभरात दोनशे बारा किलोमीटर सायकल चालवल्याचं स्वतःच्या सहीने मान्य केलं आहे. सबब तो तंदुरुस्त आहे. सोमवारी पहिल्या पाळीला त्याने प्रेसवर हजर व्हावं, न आल्यास नोकरी सोडली असं समजलं जाईल. घरातल्या कुणाला नोकरी देण्याचा प्रश्नच उरत नाही.

दोन हमाल सायकल उचलून बाहेर घेऊन गेले, आणि त्यातल्या एकाने मीटरची कळ फिरवून आकडे पुन्हा शून्यावर आणले.

चित्रा धावत टेम्पोपाशी गेली. “साहेब, सायकल मी मारत होते! बाबांना तर वर बसतासुद्धा आलं नाही. तुम्ही सांगा ना त्यांना, मी मारत होते!”

अण्णासाहेबांनी मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“ठाऊक आहे, बाळ,” ते म्हणाले. “सीट तुझ्याच मापाची आवळून घेतली होती मी.”