दोन पानांचं संमतीपत्र

"'मुलीला कायमचं वडिलांकडे ठेवायला माझी हरकत नाही,'" अधिकारी बाईंनी वाचून दाखवलं. आईबापांपैकी एकानं परस्पर परदेशी नेलेल्या मुलांच्या तक्रारी त्यांच्याच टेबलावर येत. "तुमच्या नवऱ्यानं तिथल्या आपल्या वकिलातीत हे दाखल केलंय, मूळ कागदच इथं आलेत. मागच्या पानावरची सही तुमचीच ना?"

"सही माझीच. पण मी सुट्टीतल्या पंधरा दिवसांसाठी केली होती!"

त्या पंधरा दिवसांचे अकरा महिने झाले होते. वर्षाच्या आत अर्ज गेला तर मूल परत आणणं त्यातल्या त्यात सोपं, हे तिला कालपरवा कळलं. आजवर दादाच तिला थोपवून धरत होता. घरातली गोष्ट, तो आपणहून पोरीला आणून सोडेल, चार लोकांत शोभा कशाला? शेवटी ती हट्टालाच पेटली, तेव्हा बिचारा रजा काढून सोबत आला. आत्ताही तिची फाइल मांडीवर धरून शेजारी बसला होता.

बाईंनी कागद पुढे सरकवले. कोपऱ्यात पिन मारलेली दोन पानं. तिचं बोट आधी त्या कोपऱ्यावरच गेलं. शाळांचे गणवेश शिवण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती; उसवून पुन्हा शिवलेला कपडा ती जुन्या भोकांवरून ओळखायची.

"बाई, हे बघा! मागच्या पानाला चार भोकं आहेत, पुढच्याला दोनच. पिन काढून पुढचं पान बदललंय."

बाईंनी कागद उजेडात धरला आणि त्या चक्क हसल्या. "शाबास! पण हे सांगणारं कुणी हवं. सही करताना हजर कोण होतं?"

"हा काय, दादाच होता की! साक्षीदार म्हणून सहीसुद्धा त्याचीच आहे." किती महिन्यांनी तिच्या जिवात जीव आला. "सांग ना रे दादा, पंधरा दिवसच लिहिलं होतं ना?"

दादा फाइलची नाडी बोटाला गुंडाळत राहिला.

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी पुढच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "या पानावर तुमची सही नाही. साक्षीदाराची आहे."

खाली लांबलचक रेघ ओढलेली ती सही तिला पाठ होती. वडील गेल्यावर तिच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी तीच असायची.

"तो म्हणाला, सहा महिन्यांत तुझ्या बहिणीलाही बोलावून घेईन," दादा पुटपुटला. "पोरीचं भलंच होईल असं वाटलं गं."

"आणि मी तुझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडत होते रे!"

सख्ख्या भावानं केसानं गळा कापला होता, आणि वर रोज तिचे डोळेही पुसले होते. तिला त्या पुसण्याचाच जास्त राग आला.

बाईंनी नवा अर्ज पुढे केला. "हा आजच गेला पाहिजे. इथं तुमची सही. खाली साक्षीदाराची."

सवयीनं दादानं खिशातलं पेन काढलं. तिनं ते घेतलं, सही केली आणि त्याच्या खिशात परत खोचलं. मांडीवरची फाइलही उचलून घेतली. मग ती मागच्या बाकावर नंबरची वाट बघत बसलेल्या अनोळखी माणसाकडे वळली.

"भाऊ, साक्षीदार म्हणून सही कराल का?"