तीन दिवस बंद

"सर्व्हर रिकामाच तर बसलाय. सगळ्यांच्या लॉगिनचं कामही त्याच्याच गळ्यात मारा," मोठ्या साहेबांनी फर्मावलं. सिस्टीमवाल्या ताईंनी परोपरीनं सांगितलं, की कंपनीचं इंट्रानेट, म्हणजे ऑफिसपुरती आतली वेबसाइट, त्याच सर्व्हरवर आहे, ते बंद पडेल. साहेबांनी ऐकून घेतलं, पण ऐकलं नाही. सर्व्हरचं काम बदललं, कोणाला काय उघडता येईल याच्या जुन्या परवानग्या पुसल्या गेल्या आणि इंट्रानेटनं मान टाकली.

"कंपनीचा कणा मोडलात तुम्ही!" साहेब उलटे ताईंवरच उखडले. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तरी ताईंची रजा रद्द झाली. तीन दिवस खपून त्यांनी एकेक परवानगी नव्यानं दिली, तेव्हा कुठे इंट्रानेट उभं राहिलं.

"लोकांचे काय हाल झाले असतील!" साहेब हळहळले.

ताईंनी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. "या तीन दिवसांत एकाच माणसानं इंट्रानेट उघडायचा प्रयत्न केला, साहेब. एकेचाळीस वेळा."

"याला म्हणतात निष्ठा! कोण आहे तो? आजच बढती देतो त्याला."

ताईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. एकेचाळीस ओळींत साहेबांचंच नाव होतं, आणि पानही एकच: 'साहेबांचा आजचा सुविचार'.