हाताला लागलेले उंदीर

रक्त थांबेचना. सुई टोचली ती केवढीशी, पण घुबडाच्या पिल्लाची पांढरी लव लाल होत चालली होती. डॉक्टरीण कापसामागून कापूस बदलत होती. "थांब ना रे, थांब ना," ती रक्ताच्याच विनवण्या करत होती.

पिल्लाची दोन भावंडं सकाळीच खोक्यात गार पडली होती. हे एवढंच उरलेलं.

तेवढ्यात दादा आला. तिचा थोरला भाऊ, धान्याच्या गोदामाचा राखणदार. हातात नेहमीचा पत्र्याचा डबा. पिल्लांची आई विजेच्या तारेला चिकटून मेली, तेव्हा गोदामाच्या माळ्यावरून यानंच त्यांना उतरवून बहिणीच्या जनावरांच्या दवाखान्यात आणलं होतं. रोजचा खाऊही तोच पुरवायचा.

"उंदराचं औषध गेलंय पोटात. रक्त गोठतच नाहीये," ती म्हणाली. "दादा, खरं सांग. मेलेला उंदीर आणलास कधी?"

"वेडी का काय? तू बजावलं होतंस ना, मेलेला नको म्हणून! एकूण एक जिवंत. सापळा नाही, पिंजरा नाही, या हातानं धरलेत. गोदामातलं मांजर तोंड लपवून फिरतंय हल्ली."



"हातानं? दादा, उंदीर कधी हाताला लागतो का रे?"

"लागतो की. पोत्यामागे नुसते बसून असतात, हलतसुद्धा..."

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. पोत्यामागे औषधाच्या वड्या त्यानंच ठेवल्या होत्या. त्या खाऊन उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस गुंगी आल्यासारखा बसून राहतो. हे डॉक्टरणीला पक्कं ठाऊक होतं.

"मेलेला नको म्हटलं," ती कपाळावर हात मारत म्हणाली. "सुस्त दिसेल तोही नको, एवढं सांगायला काय झालं होतं माझ्या जिभेला!"

दादानं बाही वर सारली. "काहीतरी कर गं. माझं रक्त चालत असेल तर काढ, हवं तेवढं काढ."

"इंजेक्शन दिलंय. आता माझ्या हातात काही नाही."

दादानं डबा खाली ठेवला. डब्याचं झाकण वाजलं. रोज खाऊ आणला की तो असाच झाकण वाजवायचा.

टेबलावर पिल्लानं कशीबशी मान उचलली, त्याच्याकडे वळवली आणि चोच उघडली.