आरशात दिसलो तरच

"उजव्या आरशात काय आहे?"

"पांढरी गाडी."

"किती मागे?"

"ट्रेलरच्या शेपटीला लागून."

"मग लेन बदलू नकोस. आणि मी विचारेपर्यंत गप्प का बसतेस? मुक्याने ट्रेलर ओढायचा नसतो, मार्लेना."

डॅडींच्या ट्रकचं स्टिअरिंग मार्लेनाच्या हातात होतं, डॅडी शेजारच्या सीटवरून विचारत होते. सकाळचे दहा, ह्यूस्टनचा महामार्ग, एका दिशेला सहा लेन, सगळ्या तुडुंब. मागे सव्वीस फुटांचा ट्रेलर. मागच्या सीटवर पट्ट्यात बांधलेली अडीच वर्षांची ट्रुडी, हातात कोलाचे, जर्दाळूचा मुरंबा भरलेला गोड पाव. मार्लेनाची नजर रस्ता, आरसे आणि पोरगी यांच्यात येरझाऱ्या घालत होती.

तिचा नवरा कोल्बी पश्चिमेला तेलविहिरींवर होता. आठ महिन्यांत तीन भेटी. तिथे खोलीचं भाडं ऐकूनच घाम फुटायचा. माणसं ट्रेलरमध्ये संसार थाटत. डॅडींच्या परसात ट्रेलर नुसता उभा होता. तिने मागितला तेव्हा त्यांनी अट घातली.

"ह्यूस्टनमधून तू स्वतः ओढून दाखव. मी शेजारी बसेन. शहरापलीकडे ट्रेलर लावायचा कॅम्प आहे, तिथे पहिल्याच फटक्यात मागे घेऊन लावलास, तर ट्रेलर तुझा. ट्रकसकट. नाहीतर आल्या वाटेने परत. माझ्या नातीला मी कुणाच्या हौसेवर सोडणार नाही."

"ट्रकसकट? मग तुम्ही?"

"मला आता कुठे जायचंय. वेन्झेल येईल न्यायला."

वेन्झेल म्हणजे धाकटे काका. भावाकडे लिफ्ट मागणारे डॅडी तिने जन्मात पाहिले नव्हते. पण गुडघा दुखतो म्हणाले, तिने मान्य केलं.

आभाळ भरून आलं होतं तरी त्यांनी काळा चष्मा काढला नव्हता. कुठे बघतायत ते कळू द्यायचं नाही, म्हणजे परीक्षा पुरती, असं तिला वाटलं. सकाळी ट्रक आणि ट्रेलरचा जोड तपासतानाही त्यांनी तिला बाजूला सारलं होतं. खटका, गोळा, फुलीसारख्या टाकलेल्या साखळ्यांची एकेक कडी, सगळ्यांवरून तळवा फिरवला होता. "बघून काही कळत नसतं," म्हणाले होते. "हाताला कळतं."

डावीकडून एक अजस्र मालट्रक घोंघावत पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर आधी आत ओढला गेला, मग बाहेर फेकला गेला. शेपटी डोलायला लागली. मार्लेनाचा पाय ब्रेककडे निघाला.

"पाय नाही," डॅडी म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. "हाताने. फक्त ट्रेलरचा ब्रेक. हळू दाब. स्टिअरिंग सरळ धर."

तिने स्टिअरिंगशेजारचा ट्रेलर-ब्रेकचा खटका दाबला. मागून ओढ लागली, डोलणं थांबलं. तिने आरशात पाहिलं. ट्रुडी मजेत होती. चिकट हाताने कोलाचेचा तुकडा आजोबांच्या कानाशी धरून बसली होती.

डॅडींनी मान वळवली नाही. तुकडा तसाच हवेत राहिला. शेवटी ट्रुडीने तो स्वतःच खाल्ला. आज नातीलाही दयामाया नाही, मार्लेनाच्या मनात आलं. ठीक आहे. बघतेच मी पण.

"पुढच्या पाटीवर काय लिहिलंय?"

"तुमच्या समोरच आहे की, डॅडी."

"परीक्षा तुझी आहे की माझी?"

"उजव्या दोन लेन बाहेर जातात. आपल्याला सरळ जायचंय. आपण उजवीकडून दुसऱ्या लेनमध्ये. डावीकडे लाल गाडी, ती पुढे गेली. मागे जागा आहे. दिवा लावला. घेते."

"घे."

आता ती विचारायची वाट बघेना. दिसेल ते बोलत सुटली. मधेच घुसणारी टॅक्सी, अंगठ्याने फोन चाळणारी बाई, रस्त्यात पडलेलं टायरचं सालपट. डॅडी मान हलवत ऐकत होते. शहर मागे पडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की गेली वीस मिनिटं त्यांनी एकही चूक काढली नव्हती.

"तुझी आई अशीच बोलायची," ते म्हणाले. "कटकट वाटायची मला."

कॅम्पमध्ये त्यांना चौदा नंबरची जागा मिळाली. दोन झाडांच्या मधली, अरुंद. मार्लेनाने वाटेवर ट्रक ट्रेलर सरळ केला आणि थांबली.

"नियम माहिताय ना?" दार उघडत डॅडी म्हणाले.

"मागे उभा असलेला माणूस आरशात दिसला तरच मागे यायचं. दिसेनासा झाला की जागीच थांबायचं."

"कुणी कितीही ओरडलं तरी."

ते उतरले. ट्रेलरच्या अंगावरून हात फिरवत मागे गेले. मार्लेनाने तळवे पँटला पुसले, पाय ब्रेकवर घट्ट ठेवला आणि डाव्या आरशात बघत राहिली. डॅडी तिथे यायचे होते.

ते आले नाहीत. आवाज मात्र आला.

"ये... ये... शेपूट जरा डावीकडे. अस्सं. ये अजून."

नियम तो नियम. तिने पाय उचलला नाही. उजव्या आरशात पाहिलं.

शेजारच्या, पंधरा नंबरच्या जागेवर डॅडी तिच्याकडे अर्धी पाठ करून उभे होते. चष्मा कपाळावर सरकवलेला, दोन्ही हात वर. त्यांच्यासमोर कुणा परक्याचा रुपेरी, गोलमटोल ट्रेलर त्यांच्या इशाऱ्यांवर सावकाश मागे येत होता.

"थांब," डॅडींनी मुठी आवळल्या. इतके खुश ते कित्येक वर्षांत दिसले नव्हते. "बघ, पहिल्याच फटक्यात. ट्रेलर तुझा, पोरी."

मार्लेनाचा हिरव्या पट्ट्याचा पांढरा ट्रेलर अजून जागचा हललासुद्धा नव्हता.